भांडणाचा बांध

इस्लामपूरच्या बाजारात मी पहिल्यांदा गोणपाट अंथरून बसले तेव्हा माझ्यापुढे भारंगीच्या पानांचा ढीग होता, कुड्याची फुलं होती आणि करटुल्यांनी भरलेली एक बुट्टी. पाटणच्या वरच्या अंगाला माझं माहेर. तिथून आई पहाटेच्या एसटीत माल ठेवायची आणि मी स्टँडवर उतरवून घ्यायचे. गिऱ्हाईक थांबायचं, नाक मुरडायचं आणि विचारायचं, "ही कसली पानं?" मग मी सुरू व्हायचे. पानं कुठली खुडायची, उकळून पाणी का टाकायचं, लसूण कधी घालायचा. ऐकणारी बाई पुढच्या बाजारी शेजारणीला घेऊन यायची. शिकवल्याशिवाय ही भाजी विकलीच जात नाही हे मला पहिल्या पावसाळ्यात कळलं, आणि विकण्यापेक्षा शिकवण्यात मला जास्त चेव येतो हे दुसऱ्या पावसाळ्यात.

पुढं कुणीतरी एका कॉलेजात बोलावलं. तिथून साताऱ्यातल्या एका सोसायटीत, मग सांगलीत. हळूहळू पद्धत बसून गेली. सकाळी बायकांना घेऊन रानात जायचं, एकेक पान ओळखून भाजी खुडायची. ती शिजेपर्यंत पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचायच्या, आपणच टाचलेल्या पत्रावळीवर जेवायचं आणि ऊन उतरलं की निरगुडीच्या ओल्या फोकांची बुट्टी विणायला बसायचं. संध्याकाळी प्रत्येक बाई स्वतःची वेडीवाकडी बुट्टी काखेत मारून घरी जाते. त्या वेळचे त्यांचे चेहरे बघावेत! मोठ्या मोठ्या नोकरीच्या बायका, पण जत्रेतून परतणाऱ्या पोरींसारख्या चालतात. मलाच रात्री झोप लागत नाही आनंदानं.

हे सगळं मी माझ्या तोंडाच्या जोरावर उभं केलं. मला कुणी हात दिला नाही, आणि हे मी संधी मिळेल तिथं बोलून दाखवते.

फक्त माझ्या सासरच्या गावानं मला कधी बोलावलं नव्हतं. त्याला कारण होतं, आणि ते कारण मी मनात जपून ठेवलं होतं, लोणच्याच्या बरणीसारखं, वरचेवर हलवून.

लग्न होऊन मी पलूसजवळच्या या गावात आले. चहूकडं नुसता ऊस. नवरा सुट्टी संपवून पलटणीत परत गेला आणि घरात उरलो मी, थोरले दीर आणि थोरली जाऊ. तिला मी आक्का म्हणते. एकदा पाहुणे येणार होते. मी पहाटे उठले, उसाच्या कडेनं कोवळा कुर्डू खुडून आणला. आमच्या डोंगरात पाहुण्यासाठी अशीच ताजी पालेभाजी करतात. पातेलंभर भाजी केली. आक्कानं झाकण काढलं, बोटावर घेऊन जिभेला लावली, आणि एक शब्द न बोलता पातेलं उचलून गोठ्यात नेलं. पाहुणे ओसरीवर बसलेले असताना म्हशीच्या गव्हाणीत ओतलं. दुसऱ्या दिवशी नळावर ती म्हणाली, "डोंगरातली हाय. वैरण शिजीवती." झालं. तेव्हापासून गावात माझं नाव पडलं वैरणवाली. साताऱ्यात शिकलेल्या बायका मला ताई ताई म्हणून मागं फिरत होत्या, आणि इथं दुकानात काड्यापेटी आणायला गेले तरी कुणीतरी म्हणायचं, "वैरणवाली आली."

पुढं घरं वेगळी झाली, रान वाटलं. मध्ये बांध. दिरांचा नांगर दर वर्षी त्या बांधाला थोडा थोडा घासायचा. एका वर्षी मी बांधावर उभी राहून असा काही आवाज चढवला की पंच गोळा झाले. त्यांनी ठरवून दिलं की सरकारी मोजणी होईपर्यंत दोन्ही घरांनी त्या बांधाला हात लावायचा नाही. नांगर नाही, विळा नाही, फवारणी नाही. मोजणी काही आली नाही. गाव त्याला भांडणाचा बांध म्हणू लागलं. मी त्या अंगाला जातच नसे. लांबून दिसला तरी माझं डोकं तापायचं.

अशात या आषाढात बचत गटाची अध्यक्षीण माझ्या दारात आली. तिची पिठाची गिरणी आहे, त्यामुळे आवाज कायम गिरणीच्या वर.

"ताई, समद्या जगाला शिकीवताय. गावानं काय घोडं मारलंय?"

माझ्या छातीत एकदम ढोल वाजायला लागला. पण बाजारात बसलेली बाई आनंद तोंडावर येऊ देत नाही. मी म्हटलं, "माझा दर तुम्हाला परवडायचा नाही."

"सांगा तर खरं."

"माझी थोरली जाऊ पहिल्या ओळीत बसली पाहिजे. आणि पहिला घास तिनं खायचा. सगळ्यांच्या देखत."

तिनं कपाळाला हात लावला. "आवं, त्यापरीस पैसं मागा!"

"पैसे मी साताऱ्याकडून घेते."

"दुसऱ्या वळीत बसवली तर?"

"नाही."

"बरं, पयल्या वळीत बसंल. पर घास दुसरा."

"पहिला."

"बया बया! तुमच्याकडं मेथीची जुडी घ्यायची म्हंजे बी घरनं भाकरी बांधून यावं लागंल."

ती गेली, आणि तिसऱ्या दिवशी उड्या मारतच परत आली. आक्का तयार होती. एवढंच नाही, थोरल्या दिरांनी ओढ्याकडचा त्यांचा लांब बांध वर्गासाठी दिला होता. मी लगेच गाडीवरून जाऊन रस्त्यावरून बघून आले. काय बांध होता! कुर्डू गुडघ्याला लागेल असा, मध्ये तांदुळजा, ओढ्याच्या ओलीला केना पसरलेला. मला त्या वर्गाचा एकेक तास डोळ्यांपुढं दिसायला लागला. त्या आठवड्यात साताऱ्यात एक वर्ग होता, तो मी कसा घेतला मलाच ठाऊक. तोंडानं तिथल्या बायकांना पाथरी दाखवत होते, मनानं आक्काला घास भरवत होते.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. माझा नवरा पलटणीतून निवृत्त होऊन आलेला, कमी बोलणारा माणूस. त्याच्या डोक्यावर पळसाच्या पानांचा भारा, हातात निरगुडीचे फोक. वाटेत बायकाच बायका. म्हाताऱ्या, नव्या सुना, उसात खुरपायला जाणाऱ्या. मी सगळ्यांचे विळे एका पोत्यात टाकायला लावले. "आज विळा नाही, फक्त नख. शेंडा खुडायचा, मूळ तसंच ठेवायचं, म्हणजे पुढच्या आठवड्यात परत येता येतं. आणि मी होय म्हटल्याशिवाय एक पान तोंडात घालायचं नाही." माझा आवाज असा लागला होता की ओढ्यापलीकडची माणसं थांबून ऐकत होती.

वळण घेतलं आणि ओढ्याकडचा बांध समोर आला.

पिवळा. या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळा, करपलेला, मान टाकलेला. तणनाशकाचा उग्र वास अजून रेंगाळत होता. कडेनं प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, पहिल्या ओळीत आक्का आधीच येऊन बसलेली, आणि खेळाच्या मैदानावर मारतात तशा फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या. मधोमध थोरले दीर, कडक इस्त्रीची टोपी घालून, लग्नात वरबाप उभा राहतो तसे.

थोरल्या दिरांशी धाकट्या भावजयीनं थेट बोलायचं नाही हा आमच्या घरचा रिवाज. भांडताना सुद्धा तो मोडलेला नाही. मध्ये कुणीतरी लागतं. दीर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "सांग तिला, दोनदा फवारणी मारलीया. एक काडी ठेवली न्हाई. लोक म्हनाय पायजेत, बांध बघावा तर हितला."

आमच्याकडं बांध कसा आहे यावरून माणसाची किंमत होते. ज्याच्या बांधावर गवत, त्याच्या घरात आळस. माझ्या कार्यक्रमाला पाहुण्या येणार म्हणून त्यांनी मनापासून, पदरची औषधं घालून, माझी भाजी जाळली होती. पण हे मला आज कळतं. तेव्हा मी पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि नवऱ्याकडं तोंड करून ओरडले.

"त्यांना सांगा, मी इथं भाजी शिकवायला आलेय, भाजीचं तेरावं घालायला नाही! त्यांना विचारा, आता या बायकांना काय देऊ? खुर्च्या शिजवू का?"

नवऱ्यानं भावाकडं बघितलं. ऐकलं तर सगळ्यांनीच होतं.

दिरांचा चेहरा पडला. "तिला सांग... आमाला वाटलं सोच्छ असावं."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "आता वैरण बी जळाली," एक आवाज आला, आणि हसणं सगळ्या बायकांत पसरत गेलं. दोघी तिघी पोत्यातून आपले विळे शोधायला लागल्या. आज या बायका अशाच घरी गेल्या, तर साताऱ्यानं मला डोक्यावर घेऊ दे नाहीतर सांगलीनं, या गावात मी मरेपर्यंत वैरणवालीच.

तेवढ्यात पहिल्या ओळीतली एक खुर्ची मागं सरकली. आक्का उठली.

"काय गं, वरडून भाजी उगवती व्हय? भांडणाच्या बांधावर चल की. तितं लय हाय."

हसणं बंद झालं. दिरांनी मान वळवून बायकोकडं बघितलं. मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत तिथं काय आहे?"

"मला डोळं न्हाईत?" असं म्हणून ती चालायलाही लागली. मग बायका तिच्या मागं, मी बायकांच्या मागं, आणि खुर्च्या डोक्यावर घेऊन माझा नवरा सगळ्यांच्या मागं.

तो बांध ओढ्यापासून लांब, वरच्या अंगाला, दोन्हीकडच्या उसाच्या आड. फवारणीचा थेंब तिकडं गेला नव्हता, कारण इतकी वर्षं दोन्ही घरं तिकडं पंप घेऊन जायला भीत होती. गेलं की दुसरं घर पंच बोलावणार. मी जवळ गेले आणि माझे पायच थांबले. नांगर नाही, विळा नाही, औषध नाही. बांध फुगून दुप्पट रुंद झाला होता. कुर्डू होता, केना होता, टाकळा होता, पाथरी दगडाला चिकटून बसली होती, घोळ लालबुंद देठांनी पसरली होती, आणि बाभळीवर चक्क करटुलीचा वेल! डोंगरातून मी एसटीनं आणायचे ती करटुली माझ्याच रानाच्या कडेला लोंबत होती, आणि मी रागानं इकडं बघत नव्हते.

मग जे मी सुरू झाले! "ही बघा, टाकळा. कोवळाच घ्यायचा, फूल आलं की सोडायचा. ही पाथरी, पान मोडा, पांढरा चीक येतो बघा. हे पान मात्र बाजूला, हे टाकळ्यासारखं दिसतं पण हे नाही, वास घ्या, परत घ्या." बायका चिखलात बसल्या, वाकल्या, एकमेकींना ढकलू लागल्या. "माझ्या आईकडं हिला वेगळं नाव हाय!" "आगं ही तर मी रोज खुरपून टाकती!" गिरणीवाली तर करटुल्यांसाठी बाभळीत हात घालून काट्यांना शिव्या देत होती. मला वाटलं, साताऱ्याच्या सगळ्या वर्गांना मिळून असा जोर नव्हता.

खुडता खुडता दिरांच्या रानाकडच्या बाजूला गेले आणि मला काहीतरी दिसलं. तिथल्या घोळीचे शेंडे आधीच खुडलेले होते. विळ्यानं नाही, नखानं. मूळ शाबूत, खालून नवी फूट आलेली. मी शिकवते अगदी तसं. आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा कुणीतरी येऊन गेलेलं.

"इथं कोण येतं?" मी उभी राहून विचारलं.

आक्कानं पदर नीट केला.

"आक्का, मोजणी होईपर्यंत हात लावायचा नाही ठरलं होतं!"

"हात कुटं लावला? नख लावलं."

बायका अशा हसल्या की उसातून पाखरं उडाली. मला राग आला होता, खरंच आला होता, पण तो तोंडापर्यंत येताना वाटेत कुठंतरी हसण्यात अडकला.

जांभळीखाली तीन दगडांची चूल मांडली. एका बाजूला पत्रावळी. पान कुठं दुमडायचं, बांबूची काडी कशी आतून बाहेर काढायची, हे सांगत मी फिरत होते. म्हाताऱ्यांची बोटं आपोआप चालायला लागली, सुनांच्या काड्या तुटत होत्या. इकडं कढईत कुर्डूचा डोंगर चढला. गिरणीवालीनं मिठाचा डबा उघडला आणि मूठ भरली.

"थांब!" आक्का ओरडली. "आता न्हाई. आदी बसू दे."

बघता बघता तो डोंगर आवळला आणि कढईच्या तळाला गेला. "आता घाल. चिमटीनं," आक्का म्हणाली. मग माझ्याकडं न बघता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ढीग बघून मीठ घातलं की काय हुतं, ते आमच्या म्हशीला इचारा. दिसभर पानी पीत हुती."

माझ्या हातातली पत्रावळ तशीच राहिली.

"खारट नव्हती!" मी म्हटलं.

"वकारी आली आसती पाव्हण्यास्नी."

"मग तेव्हा सांगायचं होतं!"

"पाव्हण्यांच्या म्होरं? नवी नवरी, तुजी लाज काडायची?"

"आणि नळावर काढली ती?"

चुलीत काटकी सारून ती म्हणाली, "नळावर मी एकदाच बोलले. बाकीचं गावानं वाडिवलं." हे उत्तर मी स्वीकारलेलं नाही. आणि भाजी खारट होती हेही मान्य केलेलं नाही, कारण म्हशीची साक्ष धरायची नसते.

पण ठरलेलं ते ठरलेलं. पहिली पत्रावळ आक्कापुढं मांडली. भाकरी, कुर्डूची भाजी, केन्याची भजी. तिनं घास घेतला, सावकाश चावला, गिळला.

"लसूण जास्त हाय," ती म्हणाली आणि भाजीसाठी परत पत्रावळ पुढं केली.

एकच गलका झाला! बायका तुटून पडल्या. भजी तळून होईनात. थोरले दीर बायकांपासून लांब, जांभळीच्या पलीकडच्या अंगाला बसले होते, त्यांनाही पत्रावळ गेली, परत भरून गेली, आणखी एकदा गेली. ते बोटं चाटत होते. समोरचा माणूस बोटं चाटत असताना सौदा करायचा असतो, हे मला बाजारानं शिकवलंय. मी पदर डोक्यावर घेतला आणि नवऱ्याला मध्ये बसवलं.

"त्यांना सांगा, मोजणी नको."

दीर दचकले. "तिला इचार, मंग बांध कुनाचा?"

"त्यांना सांगा, कुणाचाच नाही. नांगर नाही, औषध नाही. आज आहे तेवढाच रुंद. भाजी दोन्ही घरांनी खायची."

"तिला सांग, लय रुंद झालाय. दोनी अंगानं एकेक तास तरी नांगरायचं." तास म्हणजे नांगराची एक रेघ.

"त्यांना सांगा, एकही नाही."

"आर्धं."

"त्यांना सांगा, करटुलीचा वेल अर्ध्या तासात बसत नाही. पण पुढचे वर्ग इथंच होतील आणि पाहुण्यांचं स्वागत तेच करतील. टोपी घालून."

नवऱ्यानं एकदम दोन्ही हात वर केले. "आता दोघं सरळ बोला. मी काय वायरलेस हाय?"

जांभळीखाली हशा पिकला. दीर खाकरले. मग जांभळीच्या बुंध्याकडं बघत, जणू झाडाला विचारतायत असं म्हणाले, "फक्की मारायची का न्हाई?"

मी माझ्या पत्रावळीला उत्तर दिलं. "मारा. पण वाटेवर. बांधावर नाही."

ठरलं. इतक्या वर्षांत आमच्यात पहिल्यांदा काही थेट ठरलं होतं, झाडाच्या आणि पत्रावळीच्या साक्षीनं. माझ्या अंगात असा वारा भरला होता की बसवेना.

ऊन उतरल्यावर निरगुडीचे फोक वाटले. बायका गोलात बसून बुट्ट्या विणू लागल्या आणि एक म्हणाली, "आमच्यात बी भांडणाचा बांध हाय की."

"आमचा तर कोर्टात हाय," दुसरी म्हणाली. "त्येच्यावर काय काय माजलंय म्हनून सांगू!"

"आमच्या चुलत्यांचा बघा, ईस वरीस कुनी पाय ठेवला न्हाई."

गिरणीवालीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. दोघींच्या डोक्यात एकच गणित सुरू झालं होतं. सगळा शिवार औषधानं धुऊन निघालेला, आणि मध्ये मध्ये गावानं भांडून भांडून राखलेल्या बागा!

आक्कानं तिची बुट्टी माझ्यापुढं आपटली. "बघ."

मी उलटी करून बघितली. "बूड बसलं नाही. डगमगतेय."

"मंग शिकीव की नीट. त्याच्यासाठीच बसलेय न्हवं पयल्या वळीत?"

मी तिची बुट्टी पार बुडापर्यंत उसवली, पहिला फोक तिच्या हातात दिला आणि तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवली. "घट्ट ओढा," मी म्हटलं. नळावरचं अजून शिल्लक होतं. ते मी बुट्टी पुरी झाल्यावर काढणार होते.